गल्ल्यातले सगळे पैसे आपले नसतात : ब्रिटनमधल्या मराठी छोट्या व्यावसायिकांना खुले पत्र

मंडळी, सप्रेम नमस्कार.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सकाळी एक गृहस्थ माझ्या दारात उभे राहिले. हातात सुपरमार्केटची मोठी पिशवी आणि पिशवीत खाकी पाकिटं, निम्म्याहून जास्त न फोडलेली. "ताई, तुम्हीच बघा. मला फोडायचा धीर होत नाही," म्हणाले. मी चहा टाकला आणि एकेक पाकीट फोडून जेवणाच्या टेबलावर तारखेप्रमाणे लावत गेले. तासाभरात टेबल भरलं. व्हॅटच्या (विक्रीवरच्या कराच्या) तीन तिमाह्या थकलेल्या, पेरोलचे, म्हणजे पगारातून कापलेल्या कराचे, सात महिने थकलेले, त्यावर व्याज, त्यावर दंड.

या माणसाचं हॉटेल चालत नव्हतं असं समजू नका. शुक्रवार-शनिवारी दाराबाहेर रांग लागायची. त्या रांगेत अर्धा तास उभं राहून मीही मिसळ खाल्ली आहे. माणूस जुगारी नाही, दारुडा नाही, लबाड तर नाहीच. मार्चअखेरीस हॉटेलला कुलूप लागलं.

मी गेली अठरा वर्षं स्लाऊ, हाउन्स्लो, हॅरो या पट्ट्यातल्या लहान धंद्यांच्या वह्या लिहिते. चार्टर्ड अकाउंटंट नाही, साधी हिशेबनीस. गिऱ्हाईक नाही म्हणून बंद पडलेले धंदेही पाहिले, पण ते बोटांवर मोजण्याइतके. बाकीचे बुडाले ते दुसऱ्याचे पैसे आपले समजून खर्च केल्यामुळे. एवढ्या एकाच गोष्टीसाठी हे पत्र आहे. कर कसा वाचवायचा हे सांगणारे पुष्कळ भेटतील, त्यांच्याकडे जरूर जा.

माझे वडील सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत्याच्या पेढीवर दिवाणजी होते. हळदीच्या सौद्यांच्या दिवसांत पेढीवर नोटांची पुडकी यायची. मी लहानपणी डब्यासोबत तिथे जायचे आणि मालक केवढा श्रीमंत म्हणून बघत बसायचे. वडील हसायचे. त्या शंभरातले चार-दोनच मालकाचे, बाकी सगळे शेतकऱ्याचे. अडत, हमाली, तोलाई वजा करून शेतकऱ्याची पट्टी व्हायची आणि रक्कम त्याच्या हातात पडायची. मधल्या दिवसांत पैसा गल्ल्यात असायचा, पण वहीत तो शेतकऱ्याच्या नावावर जमा असायचा. ज्या पेढ्यांनी त्या पैशातून स्वतःची घरं बांधली त्यांची नावं आज यार्डात कुणी घेत नाही.

मंडळी, ब्रिटनमध्ये धंदा काढला की आपण राजेसाहेबांच्या सरकारचे अडते होतो. ही गोष्ट कंपनी काढताना कुणी सांगत नाही. कंपनी काढायला एक दुपार पुरते.

व्हॅटचंच घ्या. महाराष्ट्रात हॉटेलात जेवलात की बिलाच्या तळाशी सीजीएसटी आणि एसजीएसटी अशा दोन ओळी असतात. गिऱ्हाइकाला दिसतं, मालकालाही दिसतं, की हे वरचे पैसे सरकारचे. इथे तसं नाही. इथे मेन्यूवर गिऱ्हाइकाला जी किंमत दाखवायची ती व्हॅट धरूनच. थाळी १२ पौंडाला लिहिली की त्यातले २ पौंड सरकारचे, तुमच्या थाळीची किंमत १० पौंड. दर २० टक्के असला तरी गल्ल्यातून जातो तो सहावा हिस्सा. आठवड्याला ६०० थाळ्या गेल्या तर ७,२०० पौंड गल्ल्यात पडतात आणि त्यातले १,२०० तुमचे नसतात. तेरा आठवड्यांची तिमाही धरा, १५,६०० पौंड होतात. एवढी रक्कम बँकेच्या खात्यात आपल्या पैशात मिसळून बसलेली असते. कुणाला नव्या फ्रीजची गरज असते, कुणाच्या मुलीचं लग्न असतं.

"पण खरेदीवर भरलेला व्हॅट वजा मिळतो ना?" मिळतो, पण हॉटेलवाल्याला फार नाही. पीठ, डाळ, तांदूळ, भाजी, दूध शून्य दराचं, त्यावर व्हॅट भरलेलाच नसतो, मग वजा काय करणार? पगारावर व्हॅट नसतो. उरतात वीज, भांडी, पॅकिंग, कधी भाडं. म्हणून सहाव्या हिश्श्यातला बहुतेक भाग खरंच भरावा लागतो. ज्यांचा व्हॅट सोडून धंदा वर्षाला १,५०,००० पौंडांच्या आत राहणार आहे त्यांच्यासाठी फ्लॅट रेट योजना आहे. खानावळी आणि हॉटेलांना एकूण विक्रीच्या साडेबारा टक्के भरून मोकळं होता येतं, खरेदीवरचा व्हॅट मात्र मागता येत नाही. कागदावर मांडून बघा. लहान स्वयंपाकघरांना ती बहुधा परवडते, आणि तरी माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठांनी तिचं नावही ऐकलेलं नसतं.

व्हॅटची नोंदणी सक्तीची होते ती वर्षाच्या विक्रीची मर्यादा १ एप्रिल २०२४ पासून ९०,००० पौंड आहे, त्याआधी सात वर्षं ८५,००० होती. हा आकडा सगळ्यांना पाठ असतो. कुठल्या वर्षाचा, ते माहीत नसतं.

घरातून डबे देणाऱ्या एका ताईंची गोष्ट सांगते. हात असा की डब्यातली आमटी खाऊन माणसं आईला फोन करतात. डबे वाढले, मग वाढदिवसांच्या ऑर्डरी, मग दिवाळीचा फराळ. त्यांनी मनाशी धरलं होतं की वर्ष म्हणजे एप्रिल ते एप्रिल. (इथलं कराचं वर्ष ६ एप्रिलला सुरू होतं. १७५२ मध्ये इंग्रजांनी पंचांग बदलताना अकरा दिवस गाळले, त्याचं हे शिल्लक राहिलेलं शेपूट असं सांगतात.) पण व्हॅटला एप्रिलशी देणंघेणं नाही. दर महिन्याच्या अखेरीस मागे वळून गेल्या बारा महिन्यांची बेरीज करायची. फराळाच्या ऑक्टोबरात ताईंची बेरीज ९०,००० च्या पुढे गेली. म्हणजे ३० नोव्हेंबरपर्यंत नोंदणी आणि १ डिसेंबरपासून व्हॅट. ताईंना कळलं पुढच्या जुलैअखेरीस. आठ महिने, महिन्याला सरासरी ८,००० पौंड, म्हणजे ६४,००० ची विक्री आणि तिचा सहावा हिस्सा दहा हजारांवर. खाऊन गेलेल्या गिऱ्हाइकाकडे तो मागायला जाणार कसा? डब्याचे पैसे घेताना त्यात सरकारचा वाटा आहे हे ना देणाऱ्याला ठाऊक, ना घेणारीला.

शून्य दराच्या वस्तूंची विक्रीसुद्धा त्या ९०,००० मध्ये धरली जाते, हेही लक्षात ठेवा. थंड पोळ्यांचं पाकीट विकलंत तर त्यावर व्हॅट शून्य, पण बेरजेत ते आहेच. गरम वडापाव हातात दिलात तर २० टक्के. तुमच्या टेबलावर बसून खाल्लेलं काहीही, थंड असो की गरम, २० टक्के. २०१२ च्या मार्चमध्ये अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बर्न यांनी दुकानातल्या कोमट पेस्टीवरही (सारण भरून भाजलेल्या करंजीसारख्या पदार्थावरही) व्हॅट लावायचं ठरवलं, तेव्हा एवढा गदारोळ झाला की मे महिन्यात त्यांना माघार घ्यावी लागली. बटाट्याचे वेफर्स, बटाट्याच्या काड्या, भाजलेले खारे शेंगदाणे यांवर व्हॅट, पण साध्या केकवर नाही. २०२४ मध्ये तर एका न्यायाधिकरणाने वॉकर्स या वेफर्सवाल्या कंपनीच्या छोट्या पापडांना बटाट्याच्या वेफर्सच्याच पंगतीत बसवलं, कारण त्यात बटाटा होता. पापड म्हणजे पापड, हे आपल्या आज्ज्यांनी सांगितलेलं त्या न्यायालयात चाललं नाही. आपला बटाट्याचा चिवडा विकणाऱ्यांनी हा निकाल जपून ठेवावा.

या उंबरठ्याबद्दल माझी तक्रारही आहे. ८९,००० ची विक्री करणारा काही भरत नाही आणि ९१,००० वाला सगळ्या विक्रीवर भरतो. मग लोक काय करतात? सोमवार-मंगळवार दुकान बंद ठेवतात, डिसेंबरात गावी जाऊन येतात, ऑर्डर नाकारतात. उंबरठ्याच्या अगदी अलीकडे धंद्यांची गर्दी झालेली सरकारच्या अर्थतज्ज्ञांनाही दिसते. कष्टाळू माणसाला हात आखडायला लावणारा हा नियम शहाणपणाचा नाही. कामाचे दिवस कमी करणं कायद्यात बसतं, मी कुणाला नावं ठेवणार नाही. पण एकच स्वयंपाकघर सकाळी नवऱ्याच्या नावावर आणि संध्याकाळी बायकोच्या नावावर दाखवणं बसत नाही. असे कृत्रिम तुकडे एकत्र धरायचा अधिकार एचएमआरसीला, म्हणजे इथल्या कर खात्याला, आहे, आणि तो ते वापरतात.

आता पगाराकडे येते. त्या पिशवीतली निम्मी पाकिटं पगाराचीच होती.

पगारातून कर कापायची इथली पद्धत, पीएवायई, युद्धकाळात आली. ती आखण्यात मोठा वाटा असलेले पॉल चेंबर्स १९३७ ते १९४० या काळात हिंदुस्थान सरकारचे आयकर सल्लागार होते, म्हणजे दिल्ली-सिमल्याचं पाणी प्यायलेला माणूस. ज्या दिवशी अर्थमंत्री किंग्सली वुड ही योजना संसदेत मांडणार होते, त्याच दिवशी, २१ सप्टेंबर १९४३ ला, ते वारले. योजना एप्रिल १९४४ पासून लागू झाली आणि तेव्हापासून या देशातला प्रत्येक मालक सरकारचा बिनपगारी वसुली कारकून आहे. आपल्याकडेही मालक पगारातून व्यवसाय कर कापतोच, महिन्याला दोनशे रुपये आणि फेब्रुवारीत तीनशे. ती रक्कम एवढी लहान असते की कुणाच्या मनात पाप येत नाही. इथे रक्कम लहान नसते.

मांडून दाखवते. एप्रिल २०२६ पासून एकवीस वर्षांवरच्या माणसाला ताशी १२.७१ पौंडांपेक्षा कमी देता येत नाही. आठवड्याला चाळीस तास धरले तर वर्षाचे सुमारे २६,४३७. त्यातल्या पहिल्या १२,५७० वर कर नाही. वरच्यावर २० टक्के आयकर आणि ८ टक्के त्याचा नॅशनल इन्शुरन्स (सरकारी विम्याची वर्गणी). महिन्याला जवळपास ३२४ पौंड तुम्ही त्याच्या पगारातून कापता. चार माणसं असतील तर १,३०० च्या आसपास. पेन्शनचा त्याचा हिस्सा आणखी वेगळा. पगार देताना, उशिरात उशिरा पगाराच्या दिवशी, त्याचा तपशील एचएमआरसीला ऑनलाइन जातो. २०१३ पासून तशी सक्ती आहे. आणि कापलेले पैसे पुढच्या महिन्याच्या २२ तारखेपर्यंत भरायचे असतात. ज्यांची ही रक्कम महिन्याला १,५०० च्या आत असते त्यांना तिमाहीची मुभा मिळते. ही मुभा मी कुणाला सुचवत नाही. तीन महिने दुसऱ्याचे पैसे घरात ठेवायचे आणि हात लावायचा नाही, हे फार थोड्यांना जमतं.

आमच्या मिसळवाल्या गृहस्थांचं नेमकं इथेच चुकलं. ते दर महिन्याला पेस्लिप द्यायचे. पेस्लिपवर कर कापलेला, इन्शुरन्स कापलेला, सगळं चोख. फक्त ती रक्कम खात्यातून पुढे जायची नाही. आधी एकदा फ्रायर बिघडला तेव्हा त्यातून भागवलं. पुढच्या महिन्यात भरू म्हणाले. पुढच्या महिन्यात घरमालकाने भाडं वाढवलं. मी विचारलं, "मुलांचे पगार कधी थकवलेत का?" त्यांना राग आला. "ताई, पोरांचा पगार मी एक दिवस उशिरा दिला नाही कधी!" खरं होतं ते. पण पेस्लिपवरचे कापलेले आकडे हाही पोरांचाच पगार होता, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

कायद्याने हा फरक स्पष्ट लिहून ठेवलाय. १ डिसेंबर २०२० पासून कंपनी बुडाली तर व्हॅट, कापलेला आयकर आणि कामगारांचा कापलेला इन्शुरन्स यांसाठी एचएमआरसीचा नंबर बिनतारणी घेणेकऱ्यांच्या पुढे लागतो. कारण हेच, की हे पैसे गिऱ्हाइकाने आणि कामगाराने भरलेत, धंद्याकडे ते फक्त थोडे दिवस ठेवायला होते. तुमचा स्वतःचा कंपनी कर आणि मालकाच्या हिश्श्याचा इन्शुरन्स त्या यादीत नाहीत. सांगलीच्या पेढीवरची खतावणीसुद्धा अशीच विभागलेली असायची. आणि "आपली लिमिटेड कंपनी आहे, घराला धक्का नाही" यावर फार विसंबू नका. डायरेक्टरच्या लबाडीमुळे किंवा निष्काळजीपणामुळे इन्शुरन्स थकला तर तो त्याच्याकडून व्यक्तिशः वसूल करता येतो.

मालकाच्या हिश्श्याच्या इन्शुरन्सबद्दल मात्र तुमचा राग रास्त आहे. अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज यांनी ३० ऑक्टोबर २०२४ च्या अर्थसंकल्पात जाहीर केलं आणि ६ एप्रिल २०२५ पासून दर १३.८ वरून १५ टक्के झाला. त्याहून वाईट म्हणजे तो जिथून सुरू होतो ती मर्यादा ९,१०० वरून ५,००० वर आणली. आठवड्याला दोन दिवस येणाऱ्या बाईंवरही आता मालकाला भरावं लागतं. वर सांगितलेल्या पूर्णवेळ माणसामागे वर्षाला सुमारे ३,२१६ पौंड, २०२४-२५ च्या दराने आणि किमान वेतनावर हाच आकडा २,०२८ च्या आसपास होता.

पण आमच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर जो आक्रोश चालतो त्यात अर्धीच गोष्ट असते. त्याच दिवशी एम्प्लॉयमेंट अलाउन्स ५,००० वरून १०,५०० झाला. तेवढी रक्कम मालकाच्या हिश्श्यातून दरवर्षी माफ. तीन पूर्णवेळ माणसं किमान वेतनावर असतील तर तुमचा सगळा हिस्सा त्यात जिरतो आणि वर थोडं उरतं. पूर्वी अडीच माणसांतच माफी संपायची. म्हणजे तीन माणसांच्या दुकानाचं उलट बरं झालं. पाच माणसं झाली की चित्र पालटतं आणि दहा माणसांच्या हॉटेलाला वर्षाला सहा हजारांवर जास्त मोजावे लागतात. तेव्हा आधी आपली माणसं मोजा, मग रडा. ही माफी आपोआप मिळत नाही, पेरोलमध्ये मागावी लागते. गेल्या वर्षी माझ्याकडे दोघे असे आले ज्यांनी मागितलीच नव्हती. मागच्या चार वर्षांची मागता येते.

ही माफी एका गटाला मिळत नाही. ज्या कंपनीत डायरेक्टर हाच एकटा पगारी माणूस आहे तिला. आता रेडिंगपासून मिल्टन कीन्सपर्यंत पसरलेल्या आमच्या आयटीवाल्यांकडे वळते. तुमच्यातले पुष्कळ जण २०२१ च्या एप्रिलनंतर, कॉन्ट्रॅक्टवरचा माणूस कराच्या दृष्टीने नोकरच आहे का हे ठरवायची जबाबदारी खासगी क्षेत्रातल्या मध्यम आणि मोठ्या कंपन्यांवर आली तेव्हा, कॉन्ट्रॅक्टिंग सोडून पगारी नोकरीत गेले. जे राहिले त्यांच्यात हिशेबाला हुशार माणसं आहेत, पण एक खोड सगळ्यांची सारखी. कंपनीचं कार्ड घरच्या कार्डाच्या शेजारी पाकिटात ठेवतात. गोव्याची तिकिटं कंपनीच्या कार्डावर, मुलाच्या ट्यूशनचे पैसे कंपनीच्या खात्यातून. "माझीच कंपनी, माझेच पैसे." नाही हो. कायद्याच्या नजरेत कंपनी ही वेगळी व्यक्ती आहे आणि तिच्याकडून घेतलेली प्रत्येक रक्कम एकतर पगार, नाहीतर नफ्यातून जाहीर केलेला डिव्हिडंड, नाहीतर उचल. उचल वर्षअखेरीनंतर नऊ महिने आणि एक दिवसाच्या आत परत आली नाही तर कंपनीला तिच्यावर ३३.७५ टक्के कर भरावा लागतो, आणि एप्रिल २०२६ पासून घेतलेल्या उचलीवर ३५.७५. उचल फेडलीत की तो परत मिळतो, पण सावकाश. नफा नसताना वाटलेला डिव्हिडंड हा डिव्हिडंडच नसतो. त्या खात्यातही सरकारचा कंपनी कर बसलेला असतो, ५०,००० पर्यंतच्या नफ्यावर १९ टक्के, तो कुणी बाजूला काढत नाही.

पुढचं लिहिताना माझा हात जरा जड होणार आहे.

दुसऱ्याच्या पैशात सरकारपेक्षा आधी येतो तो कामाला ठेवलेला मुलगा. बहुतेक वेळा तो आपल्याकडचाच असतो, कोल्हापूरचा, नगरचा, जळगावचा, बापाने जमीन गहाण टाकून मास्टर्सला पाठवलेला. "आपलाच आहे, सांभाळून घेतोय त्याला," असं म्हणत ताशी सात पौंड रोख हातावर ठेवणारे लोक मला माहीत आहेत. मंडळाच्या गणपतीला देणगीच्या पाटीवर त्यांचं नाव वरच असतं. किमान वेतनातली तूट सापडली तर थकबाकी भरावी लागतेच, दंड तिच्या दुप्पट, माणशी २०,००० पर्यंत, आणि नावंही जाहीर होतात. काही जण म्हणतात, "आम्ही त्याला सेल्फ-एम्प्लॉइड दाखवतो." विद्यार्थी व्हिसावरच्या मुलाला स्वयंरोजगाराची परवानगीच नसते. तुम्ही तुमचा इन्शुरन्स वाचवता आणि त्याचा व्हिसा जाळता. पदवीच्या विद्यार्थ्याला सत्राच्या काळात आठवड्याला वीसच तास काम करता येतं. त्याहून जास्त राबवलंत तर बेकायदा कामगार ठेवल्याचा दंड फेब्रुवारी २०२४ पासून माणशी ४५,००० पौंडांपर्यंत आहे, दुसऱ्यांदा सापडलात तर ६०,०००. मुलाचं काय होतं ते त्याच्या बापाला विचारा.

टिपांचंही तसंच. १ ऑक्टोबर २०२४ पासून सगळी टीप, कार्डावर आलेलीसुद्धा, पूर्णच्या पूर्ण कामगारांना वाटायची असा कायदा आहे. कार्ड मशीनचं कमिशनसुद्धा त्यातून कापता येत नाही. पेन्शनसाठी त्याच्या पगारातून पैसे कापले आणि पेन्शनच्या खात्यात भरले नाहीत, तर ते फार गंभीर प्रकरण आहे. "पेन्शन नको असं लिहून दे" म्हणून कामगाराच्या मागे लागणंही बेकायदा आहे. वर्षाला १०,००० च्या पुढे कमावणाऱ्या, बावीस वर्षांपासून सरकारी पेन्शनच्या वयापर्यंतच्या प्रत्येकाला तुम्हीच नोंदवायचं, किमान तीन टक्के तुम्ही घालायचे. नोटिशीकडे दुर्लक्ष केलंत तर आधी ४०० पौंड, नंतर दर दिवसाला दंड. चार माणसांपर्यंत दिवसाला ५०, पाचवा माणूस आला की दिवसाला ५००.

सरकार नुसतं घेतं असंही नाही. कामावरच्या मुलीची बाळंतपणाची रजा आली की लहान मालकांच्या पोटात गोळा येतो. पण ज्यांचा वर्षाचा इन्शुरन्स ४५,००० च्या आत आहे त्यांना रजेतला वैधानिक पगार सरकारकडून पूर्ण परत मिळतो, वर थोडी भरही. तेव्हा त्या मुलीला काढून टाकायचे मार्ग मला विचारायला येऊ नका.

मग करायचं काय? बँकेत दुसरं खातं काढा. त्याचं कार्ड घेऊ नका. व्हॅट लागू असेल तर दर सोमवारी गेल्या आठवड्याच्या गल्ल्याचा सहावा हिस्सा तिकडे टाका, पगाराच्या दिवशी कापलेली रक्कम त्याच दिवशी तिकडे. थोडी जास्त गेली तर बिघडत नाही. फोनवर दिसणारी पहिल्या खात्यातली शिल्लक कमी झाल्यासारखी वाटेल. ती कमी झालेली नाही, आता कुठे खरी दिसायला लागली आहे. माझ्याकडच्या दोन हॉटेलवाल्यांनी हे केल्यावर पहिल्या दोन महिन्यांत त्यांना कळलं की धंदा तोट्यात आहे. एकाने मेन्यूचे दर वाढवले. दुसऱ्याने दुपारची वेळ बंद केली. दोघेही अजून चालू आहेत.

अडचण आलीच तर तारीख उलटायच्या आधी एचएमआरसीला फोन करा. हप्ते बांधून मिळतात. आधी सांगणाऱ्याशी ते निराळं बोलतात, हा माझा अनुभव आहे. थकलेल्या रकमेवर व्याज बँक ऑफ इंग्लंडच्या दरापेक्षा चार टक्के जास्त लागतं, आणि ते गप्प बसल्याने थांबत नाही. ज्यांची कंपनी नाही, स्वतःच्या नावावर धंदा किंवा भाड्याची घरं आहेत आणि त्यांची एकूण जमा ५०,००० च्या वर आहे, त्यांना ६ एप्रिल २०२६ पासून दर तिमाहीला सॉफ्टवेअरमधून आकडे एचएमआरसीला पाठवावे लागतात. एप्रिल २०२७ पासून ३०,००० वाले, २०२८ पासून २०,००० वाले. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात बुटांच्या खोक्यातून पावत्या घेऊन येणाऱ्यांनो, तुमच्याशीही बोलते आहे.

त्या गृहस्थांना आता एका वेअरहाउसमध्ये नोकरी लागली आहे. परवा त्यांनी पहिल्या पेस्लिपचा फोटो पाठवला, कापलेल्या आकड्यांभोवती पेनाने गोल करून. खाली विचारलं होतं, "ताई, हे माझे मालक भरत असतील ना?"

माझ्याकडे येणाऱ्यांना एवढंच सांगणं, की पाकिटं फोडून आणा. तारखेप्रमाणे लावून आणलीत तर चहासोबत कांदेपोहे.

आपली,
स्लाऊमधली एक हिशेबनीस